मोंतायू : पिरेनीजच्या डोंगरातलं वीसेक माणसांचं गाव आणि सातशे वर्षांपूर्वीच्या जबान्या

फ्रान्सला जाऊन आलो म्हटल्यावर सगळे आयफेल टॉवरचे फोटो मागतात. आहेत, पाठवलेत ग्रुपवर. पण हे लिहितोय ते दक्षिणेकडच्या आरिएज भागातल्या एका गावाबद्दल, जिथे आजघडीला वीसेक माणसं राहतात, दुकान नाही, हॉटेल नाही, आणि तरीही मध्ययुगातल्या शेतकऱ्यांबद्दल जगात कुठेही काही लिहायचं झालं की त्याचं नाव निघतंच. मोंतायू. भाचा तुलूजला विमानाच्या कंपनीत आहे, त्यानेच मागे मला या गावाबद्दल वाचायला दिलं होतं, कारण मी जन्मभर सांगलीच्या कोर्टात स्टेनो म्हणून जबान्या टाइप केल्या आणि हे गाव आपल्याला माहीत आहे तेच मुळी जबान्यांमुळे. ते पुढे येईलच.

सप्टेंबरचा शेवट होता. मी, बायको आणि भाचा.

दिवस पहिला : तुलूज ते फ्वा

तुलूजहून डोंगराकडे जाणारी ट्रेन पकडली, फ्वाला पोचायला सव्वा तासाच्या आसपास लागतो. ही लाइन पुढे आक्स-ले-तेर्मवरून थेट स्पेनच्या हद्दीपर्यंत जाते. वाटेत सावेर्दाँ नावाचं एक साधं स्टेशन लागतं आणि थोड्या वेळाने पामिए. दोन्हीकडे उतरलो नाही, पण खिडकीतून बघून घेतलं, कारण आमच्या गोष्टीतला मुख्य माणूस जाक फुर्निए हा जन्माने सावेर्दाँचा आणि पुढे पामिएचा बिशप. १३१७ साली बिशप झाला. मूळचा सिस्टर्शियन मठातला साधू, हुशार, भयंकर चिकाटीचा, लाच न खाणारा. (असा अधिकारी आरोपीच्या दृष्टीने सगळ्यात वाईट, हे कोर्टात काम केलेला कुणीही सांगेल.)

थोडक्यात पार्श्वभूमी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाराव्या-तेराव्या शतकात या सगळ्या भागात कॅथार नावाचा पंथ पसरला होता. त्यांचं म्हणणं असं की हे दिसतं ते जग, शरीर, जमीनजुमला ही सगळी वाईट शक्तीची करणी आहे, चांगल्या देवाचा त्याच्याशी संबंध नाही, आत्मा या शरीरातून त्या शरीरात फिरत राहतो आणि शेवटी सुटतो. त्यांचे साधुपुरुष, ज्यांना लोक ‘भली माणसं’ म्हणायचे, ते मांस, अंडी, दूध, चीज काही खात नसत, मासे मात्र चालायचे. पोपने १२०८ साली यांच्याविरुद्ध चक्क क्रुसेड म्हणजे धर्मयुद्ध पुकारलं, १२०९ पासून वीस वर्षं लढाया चालल्या, आणि लढायांनी जे संपलं नाही ते संपवायला नंतर इन्क्विझिशन आलं, म्हणजे धर्मद्रोह शोधून काढणारी चर्चची न्यायालयं.

फ्वा छान आहे. गावाच्या मधोमध कातळ, त्यावर किल्ला, तीन बुरूज, दोन चौकोनी एक गोल, आणि खाली चिंचोळ्या गल्ल्या. किल्ल्यात एक मोठं लाकडी चाक ठेवलंय, त्याच्या आत माणूस चालायचा आणि त्या जोरावर दगड वर चढवायचे, मध्ययुगातली क्रेन. भाच्याचं इंजिनिअरचं डोकं तिथेच अडकलं, त्याला ओढून बाहेर काढावं लागलं.

रात्री जेवायला आझिना. कोबी, बटाटा, गाजर आणि त्यात बदक, सॉसेज, असं सगळं तासन्‌तास शिजवलेलं इथलं हिवाळी जेवण. मी तृप्त. बायको शाकाहारी, तिला बकरीच्या चीजचं सॅलड आणि ऑम्लेट, ऑम्लेट खाते ती बाहेरगावी, घरी नाही. आधी इपोक्रास नावाची गोड मसालेदार वाइन छोट्या ग्लासात देतात, दालचिनीचा वास येतो, एकदा घेऊन बघायला हरकत नाही.

टिप : जेवणाच्या वेळा पाळा. दुपारी बारा ते दोन, रात्री साडेसातनंतर. अडीच वाजता भूक लागली तर बेकरीतलं सँडविच, तेही उघडी असली तर. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी गावंच्या गावं बंद असतात. शाकाहारी माणसाने सोबत दाण्याची चटणी, मेतकूट, काहीतरी ठेवावंच.

दिवस दुसरा : मोंसेग्यूर आणि तासातासाला वाहणारा झरा

इथून पुढे गाडी भाड्याने घेतली, त्याशिवाय या भागात फिरणं अवघड. फ्वाहून तासाभराच्या आत मोंसेग्यूर. लांबूनच सुळका दिसतो, १२०७ मीटर, आणि टोकावर भिंती. पायथ्यापासून चढ अर्ध्या-पाऊण तासाचा पण खडा, दगड गुळगुळीत झालेत, पाऊस असला तर जाऊच नका. आपल्याकडच्या किल्ल्यांवर फिरलेल्या माणसाला विशेष वाटणार नाही, पण गुडघ्यांना कळतं. बायको निम्म्यातून म्हणाली, तुम्ही बघून या, मी इथेच वारा खाते.

इथे कॅथारांचा शेवटचा मोठा आसरा होता. मे १२४३ पासून पुढे दहा महिने वेढा. शरण आल्यावर पंधरा दिवसांची मुदत मिळाली, धर्म सोडा नाहीतर मरा. १६ मार्च १२४४ ला दोनशेहून जास्त माणसं खाली एकत्र जाळली. मुदतीच्या त्या पंधरा दिवसांत काही सैनिकांनी उलट कॅथार दीक्षा घेतली, म्हणजे मरण समोर दिसत असताना त्या बाजूला गेले. पायथ्याच्या कुरणात एक दगडी स्मारक आहे, कुणीतरी रानफुलं ठेवलेली होती. आणि आज वर ज्या भिंती दिसतात त्या वेढ्याच्या वेळच्या नाहीत हं, नंतरच्या मालकांनी बांधलेल्या आहेत. तिथे ध्यान लावून बसलेले दोन-चार जण भेटले, त्यांना हे सांगण्यात अर्थ नव्हता. या जागेभोवती गुप्त खजिना, होली ग्रेल असल्या गोष्टींचं पीक आहे, मला त्यात रस नाही.

दुपारी बेलेस्ता गावाजवळ फाँतेस्तोर्बचा झरा. हा ट्रिपमधला खरा सरप्राइज. गुहेच्या तोंडातून पाणी येतं, पण उन्हाळ्याच्या शेवटापासून पाणी कमी असतं तेव्हा ते सलग येत नाही. वाढत जातं, धो धो वाहतं, मग ओसरतं, जवळजवळ थांबतं, आणि परत. साधारण तासाभराचं चक्र. डोंगराच्या पोटात चुनखडीत पोकळ्या आहेत, तिथे पाणी भरणं आणि सायफनसारखं ओढलं जाणं यातून हे होतं म्हणे. आम्ही गेलो तेव्हा अगदीच बारीक धार होती, भाचा म्हणाला चला मामी, काही नाही इथे, आणि तेवढ्यात एका फ्रेंच आजोबांनी घड्याळ दाखवून थांबायची खूण केली. थांबलो. आधी आवाज बदलला. मग जे दगड कोरडे होते ते एकेक करून बुडायला लागले, आणि दहा-पंधरा मिनिटांत समोर नदी. आजोबा असे खूश, जणू त्यांनीच सोडलं पाणी.

दिवस तिसरा : फ्रोची घळ, कोम्यूस

सकाळी धुकं. बेलेस्ताहून वळणावळणाने पठारावर चढलो, वर आल्यावर एकदम लख्ख ऊन आणि ढग खाली. हा पेई द सो, उंचावरचं पठार, बटाट्यासाठी नावाजलेलं. कोम्यूस गावात मुक्काम, ट्रेकर लोकांसाठी असतं तसं घरगुती गीत, म्हणजे बंक बेड, सामायिक बाथरूम आणि रात्री सगळ्यांनी एका लांब टेबलावर जेवायचं.

इथून दोन लांब पायवाटा जातात. एक समुद्राकडून फ्वापर्यंत येणारी कॅथार वाट, आणि दुसरी जीआर १०७, ‘भल्या माणसांची वाट’, फ्वाहून निघून मोंसेग्यूर, कोम्यूस, मोंतायू करत पिरेनीज ओलांडून कॅटलोनियात बेर्गापर्यंत. कॅथार लोक आणि मेंढपाळ याच अंगाने पळून जायचे. आम्ही दुपारी फ्रोच्या घळीत थोडं उतरून आलो. दोन्ही बाजूंना शेकडो मीटरचे चुनखडीचे कडे, मधे बीच आणि बॉक्सवुडची झाडी, ऊन तळापर्यंत पोचतच नाही, शेवाळाने सगळं हिरवंगार. उतरताना मजा येते, परत चढताना भाच्याशी बोलणं बंद होतं.

परतताना मेंढ्यांचा कळप आडवा आला आणि त्यात दोन पांढरे धिप्पाड कुत्रे. त्यांना पातू म्हणतात. या डोंगरात अस्वलं परत आणून सोडलीयत, त्यामुळे कळपाला हे राखणदार असतात. टिप म्हणून लिहितो आणि गंभीरपणे लिहितो : कळपाच्या मधून जायचं नाही, कुत्र्यांना हात दाखवायचा नाही, काठी उगारायची नाही, पळायचं तर नाहीच. उभं राहायचं, त्यांना हुंगून जाऊ द्यायचं, मग लांबून वळसा घालायचा. आम्ही वीसेक मिनिटं उभे होतो. मेंढपाळ मुलगी तिशीच्या आतली, मोबाइलवर बोलत मागून आली आणि कुत्र्यांना एक शब्द टाकून निघून गेली.

रात्री टेबलावर डाळीचं सूप, बटाट्याचं काहीतरी चीज घालून भाजलेलं, सफरचंदाची क्रुस्ताद. गीतवाल्या बाईंनी विचारलं मॅडम मांस अजिबात नाही? भाच्याने सांगितलं, जन्मापासून नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग सातशे वर्षांपूर्वी यांना शेजाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात पकडून दिलं असतं. टेबलावर सगळे हसले. बायकोला भाषांतर करून सांगितल्यावर ती म्हणाली, अंडं खाल्लं असतं मी, सुटले असते.

दिवस चौथा : मोंतायू

कोम्यूसहून मोंतायू जवळच आहे, आम्ही चालत गेलो, गाडी भाचा नंतर घेऊन आला. वळण घेतलं की उताराच्या कडेने पंधरा-वीस दगडी घरं, स्लेटची छपरं, त्यांच्यावर एक टेकाड आणि टेकाडावर किल्ल्याची मोडकी भिंत. बस. गाव तेराशे मीटरच्या आसपास उंचीवर, वारा थंड, उन्हात बरं वाटत होतं.

आता गोष्ट. १३०० च्या सुमारास इथे दोनशे-अडीचशे लोक राहायचे. मोंसेग्यूर पडून पन्नास-साठ वर्षं झालेली, कॅथार पंथ संपला असं वरचे लोक समजत होते. पण आक्सचा एक नोटरी पिएर ओतिए आणि त्याचा भाऊ इटलीत जाऊन दीक्षा घेऊन आले आणि रात्री-बेरात्री या डोंगरी गावांतून फिरून पंथ परत पेटवला. मोंतायूत तर अर्ध्याहून जास्त घरं त्यांच्या बाजूची. १३०८ मध्ये कार्कासोनच्या इन्क्विझिशनने अख्ख्या गावाला, म्हणजे लहान मुलं सोडून सगळ्यांना, अटक केली. ओतिए १३१० मध्ये तुलूजला जाळला गेला. आणि मग दहा वर्षांनी बिशप फुर्निएने सगळं नव्याने उकरून काढलं. १३१८ ते १३२५ या काळात त्याचं न्यायालय ३७० दिवस बसलं, ९८ प्रकरणं, ५७८ वेळा चौकशी. त्यात मोंतायूचे पंचवीसच्या आसपास.

या माणसाची पद्धत अशी की हाणमार जवळजवळ नाही, नुसतं विचारत राहायचं. तुरुंगात ठेवायचं, परत बोलवायचं, परत विचारायचं. कुणाच्या घरी? कुठे बसला होतात? अजून कोण होतं? ते काय म्हणाले? आरोपी बोलायचा ऑक्सितानमध्ये, तिथल्या गावरान भाषेत, कारकून टिपणं काढायचा, त्याचं लॅटिन व्हायचं, आणि शेवटी आरोपीला त्याच्या भाषेत समजावून सांगायचे, काही बदलायचंय का विचारायचे. हे वाचलं तेव्हा मी उडालोच होतो. आमच्याकडे वेगळं काय होतं? शिराळ्याचा म्हातारा साक्षीदार बोलतोय त्याच्या मराठीत, साहेब मला डिक्टेट करतायत इंग्रजीत, आणि शेवटी ‘वाचून दाखवले, बरोबर आहे’ म्हणून अंगठा. म्हाताऱ्याची बोलण्याची लकब, तो मधेच बैलाबद्दल जे बोलला ते, सगळं साहेब गाळायचे, इर्रेलेव्हंट म्हणून. फुर्निएने गाळलं नाही. बैल पण ठेवला. म्हणून गाव उरलं.

बघा ना, एका साक्षीत काय आहे. वुइसान तेस्तानिएर नावाची बाई सांगते : गावात त्या लोकांचं चालत होतं त्या काळात गियमेत बेने आणि आलाझाई रीव या दोघी घराच्या छपरावर उन्हात बसल्या होत्या आणि त्यांच्या मुली त्यांच्या डोक्यातल्या उवा काढत होत्या. छपरं सपाट आणि एकमेकांना लागून. मी खालून चालले होते, आणि त्या बोलत होत्या की माणसांना जाळतात तेव्हा ती वेदना सहन कशी होत असेल? त्यावर दुसरी म्हणते, अगं वेडे, देव ती स्वतःवर घेतो. बिशपला यातलं शेवटचं वाक्य हवं होतं. आपल्याला छप्पर मिळालं, ऊन मिळालं, उवा मिळाल्या, कोण कुणाची मुलगी ते मिळालं.

गावातलं मोठं घराणं क्लेर्ग. एक भाऊ बेर्नार हा फ्वाच्या काउंटचा बेली, म्हणजे कारभारी, वसुली त्याच्याकडे. दुसरा भाऊ पिएर, गावचा पाद्री, आणि हा पाद्री आतून कॅथारांना सामील. वडील वारले तेव्हा घराची बरकत प्रेताबरोबर जाऊ नये म्हणून त्यांचे केस आणि हातापायांची नखं कापून घरात ठेवून घेतली. आई वारली तर तिला कारनेसच्या मेरीच्या चर्चमध्ये वेदीखाली पुरली, लोक कुजबुजले की हिला तिथे कशी? पाद्रीबुवा बायकांच्या बाबतीत कुप्रसिद्ध, आणि वर इन्क्विझिशनला माणसं पुरवून आपले हिशोब चुकते करायचे, कोण वाचणार कोण अडकणार हे त्यांच्या हातात. मेंगार्द मोर नावाच्या बाईने क्लेर्ग घरावर तोंड उघडलं तर तिची जीभ कापली. हाच पिएर शेवटी फुर्निएच्या कैदेत मेला, आणि त्याची स्वतःची जबानी मात्र नोंदवहीत नाही. सगळे त्याच्याबद्दल बोलतात, तो बोलत नाही. मला विचाराल तर पूर्ण दप्तरातली सगळ्यात मोठी उणीव ही.

टेकाडावर चढायला दहा मिनिटं. वर बुरुजाच्या भिंतीचा तुकडा, गवत, काटेरी झुडपं. या किल्ल्यात राहायची बेआत्रिस द प्लानिसोल, किल्लेदाराची बायको, पुढे विधवा आणि पाद्री पिएरची प्रेयसी. १३२० मध्ये तिला बिशपने बोलावलं, ती घाबरून पळाली, पकडली गेली आणि तिची पिशवी उघडली. मुद्देमालाची यादी टाइप करायची मला सवय आहे पण अशी यादी मी बघितलेली नाही. नातवांच्या वाळलेल्या नाळा, रक्ताचे डाग पडलेलं कापड, उदाचे खडे, आरसा, छोटी सुरी. बिशपला वाटलं जादूटोणा. तिने एकेक वस्तू समजावली. नाळा कशाला? तर एका बाईने सांगितलं होतं की मुलाची नाळ जवळ असली की कोर्टातला खटला हरत नाही. कापड मुलीच्या पहिल्या पाळीचं, तिच्या नवऱ्याला त्यातलं पाण्यातून दिलं की तो दुसरीकडे बघणार नाही. उद डोकेदुखीवर. नाळेचा उपयोग काही झाला नाही, तिला जन्मठेप लागली, पण १३२२ मध्ये सोडलं, कपड्यांवर पिवळे क्रॉस शिवायच्या अटीवर. तिचा तेव्हाचा प्रियकर, तोही पाद्रीच, त्याच दिवशी सुटला, त्याला क्रॉस नाही.

हे पिवळे क्रॉस म्हणजे कायमची बदनामी, काम मिळेना, पोरींची लग्नं होईनात. फुर्निएने जाळले मात्र एकूण पाचच, त्यातला एक मोंतायूचा गियोम फोर. पाचच म्हणायला जीभ अडखळते, पण त्या काळच्या हिशोबाने कमी.

माझा आवडता माणूस मेंढपाळ पिएर मोरी. उन्हाळ्यात या डोंगरांत, हिवाळ्यात कॅटलोनियात, जन्मभर मेंढरांमागे. लोक म्हणायचे लग्न कर, घर घे, एका जागी राहा. तो म्हणायचा मी ज्यात वाढलो त्याशिवाय मला जमायचं नाही, नशिबात असेल ते होईल. मित्रासाठी चालत कुठच्या कुठे जायचा. शेवटचा कॅथार साधू बेलिबास्त याच्याच आधाराने सीमेपलीकडे राहिला होता. आर्नो सिक्र नावाच्या हेराने भक्त असल्याचं नाटक करून त्याला इकडे आणला आणि १३२१ मध्ये विलरुज-तेर्मनेसला जाळला. मोरीला १३२४ मध्ये कैद झाली, आणि दप्तरात तो तिथेच संपतो.

आम्ही खाली चर्चकडे गेलो, गावापासून जरा बाजूला, उताराला. दार बंद होतं. (टिप : या भागातली चर्चेस बहुतेक बंद असतात, किल्ली गावात कुणाकडे तरी असते, विचारायला लाजू नका.) कबरस्तानात फिरलो तर थडग्यांवर क्लेर्ग, क्लेर्ग, परत क्लेर्ग. सातशे वर्षांनी. तेवढ्यात एक बाई कुत्रं घेऊन आल्या, सत्तरीच्या असतील, भाच्याला विचारलं कुठून आलात? भारत म्हटल्यावर भुवया वर. जपानी येतात, अमेरिकन येतात, भारतीय म्हणे त्यांनी पाहिले नव्हते. १९७५ साली इतिहासकार एमान्युएल ल रुआ लादुरी यांनी या नोंदवहीवरून गावाबद्दल लिहिलं आणि ते फ्रान्समध्ये इतकं खपलं की एका उन्हाळ्यात गावात गाड्या लावायला जागा नव्हती, असं त्या सांगत होत्या. मी विचारलं, गावातल्या लोकांना कसं वाटतं, पूर्वजांच्या भानगडी जगाला माहीत झाल्या ते? भाच्याने भीतभीत भाषांतर केलं. बाई म्हणाल्या, त्या तुमच्या बिशपला कळल्या त्याआधी गावाला माहीतच होत्या. मग त्यांनी वर हात करून दाखवलं की जुनी घरं तिथे, किल्ल्याच्या अगदी खाली होती, गाव नंतर खाली सरकलं. परत वर जाऊन बघितलं तर गवताखाली चढउतारांच्या रेषा खरंच दिसतात, तिरप्या उन्हात जास्त. म्हणून दुपारी चारनंतर जा.

आम्ही त्या उतारावर बसून डबा खाल्ला. बायकोने इथे येईपर्यंत यात काही रस दाखवला नव्हता, पण ग्राझीद लिझिएचं प्रकरण मी सांगितलं तेव्हा ती ताठ बसली. विशीतली शेतकरी बाई, पाद्रीने नादी लावलेली, त्यानेच लग्न लावून दिलेलं. बिशप विचारतो, तू पाप केलंस असं तुला वाटत नाही? ती सांगते, तेव्हा मला आवडत होतं, त्यालाही आवडत होतं, म्हणून देवाला राग येईल असं वाटलं नाही, आता आवडत नाही, आता केलं तर पाप वाटेल. पोपच्या माणसासमोर हे बोलली ती, अंगठाछाप पोरगी. बायको म्हणाली, वकील दिला असता कुणी तर असं बोलू दिलं नसतं तिला.

टिपा इथेच देतो. गावात काही मिळत नाही, पाणी, खाणं, रोख पैसे सोबत. बस नाही असं धरून चाला. आक्सहून साधारण वीस किलोमीटर, घाटाचा रस्ता, हिवाळ्यात बर्फ असतं, मे ते ऑक्टोबर बरा. घरांच्या खिडक्यांतून डोकावू नका, लोक राहतात तिथे. आणि आधी थोडं वाचून जा, नाहीतर अर्ध्या तासात कंटाळा येईल आणि दोष मला द्याल.

दिवस पाचवा : आक्स

सकाळी निघालो, लगेच प्राद लागतं. इथल्या चर्चमध्ये पाद्री पिएरने बेआत्रिससाठी एका रात्री पलंग घालून ठेवला होता, हेही तिच्याच जबानीत आहे. ती म्हणाली, चर्चमध्ये असं कसं? तो काय म्हणाला ते इथे लिहीत नाही. मग मार्मार आणि शिउला या दोन खिंडी, शिउलाच्या अलीकडे थांबा, पिरेनीजची रांग समोर पसरते, नवीन बर्फ पडलेलं होतं वर.

आक्स-ले-तेर्म गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, काही झरे सत्तर अंशांच्या वर. गावाच्या मधोमध बासँ दे लाद्र, कुष्ठरोगी सैनिकांसाठी १२६० मध्ये बांधलेलं कुंड, आज तिथे कुणीही कडेला बसून पाय सोडतं, फुकट. गंधकाचा वास येतो, दोन मिनिटांत नाक सरावतं. ओतिए भावांचं घर याच गावात होतं, चांगली चालणारी नोटरीची प्रॅक्टिस सोडून गेले ते.

एक गोष्ट राहिली. फुर्निए पुढे कार्डिनल झाला आणि १३३४ मध्ये पोप बेनेडिक्ट बारावा. पोप तेव्हा फ्रान्समध्येच आव्हिन्योंला राहायचे, तिथला तो प्रचंड राजवाडा त्यानेच बांधायला घेतला. दप्तर त्याच्यासोबत गेलं, त्यातला एक खंड आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. बिशपची बढती झाली नसती तर पामिएच्या कुठल्यातरी माळ्यावर उंदरांनी खाल्लं असतं. आमच्या रेकॉर्ड रूमची अवस्था मला माहीत आहे.

टिप : कुंडात पाय एकदम घालू नका, चटका बसतो, जिथे पाणी आत येतं त्याच्या लांबच्या टोकाला बसा. टॉवेल न्या.

बायको दीड तास उठली नाही. शेजारी एक फ्रेंच आजी येऊन बसल्या, यांना मराठी, त्यांना फ्रेंच, आणि तरी गुडघ्यांबद्दल सविस्तर चर्चा झाली, मग मोबाइलवर नातवंडं दाखवून झाली, मग आजींनी पिशवीतून मलमाची ट्यूब काढली आणि आमच्या हिने त्यांना अर्धी आवळा सुपारीची पुडी दिली. भाचा वरून ओरडत होता मामी, ट्रेन, मामी, ट्रेन. स्टेशनवर धावत पोचलो तर गाडी पंचवीस मिनिटं लेट.